मामीडवार मॅडमची टाकी

मामीडवार मॅडम हयात आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आपल्याकडे कुणाविषयी चार बरे शब्द छापून आले की वाचक पहिल्यांदा फोटोला हार आहे का ते पाहतो. मॅडमच्या फोटोला हार नाही. त्या निवृत्त होऊन देगलूरला, माहेरच्या गावी राहायला गेल्या आहेत, तब्येत ठणठणीत आहे, आणि हा मजकूर त्यांच्या हाती पडला तर प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ असं लिहून त्या तो मला परत पाठवतील, याची मला खात्री आहे.

नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि मी मराठी. शिपाई येऊन म्हणाला, “मॅडम, प्राचार्यांनी बोलावलंय,” की त्या मान वर न करता विचारत, “कशावरून?” शिपाई गोंधळून परत जाई आणि खरंच बोलावलं आहे का, ते विचारून येई. बऱ्याचदा तोवर प्राचार्य विसरलेले असत. अमक्याची बदली झाली, तमक्याचं लग्न मोडलं, यंदा पाऊस लवकर आहे, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की कोपऱ्यातून तो प्रश्न आलाच. कुणाला खोटं पाडावं म्हणून त्या विचारत नसत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असे. पण खरोखर जाणून घेणाऱ्या माणसाची सवय आमच्या स्टाफरूमला नव्हती, त्यामुळे त्या आत आल्या की गप्पा एकदम चहावर येत. चहा समोर दिसत असे, त्याला पुरावा लागत नसे.

त्यांचा विषय काळवीट. नांदेडहून लातूरकडे जाताना लोहा मागे पडलं की रस्त्यापासून थोडा आत एक लांबलचक माळ लागतो. बोरमाळ म्हणतात त्याला. सरकारदरबारी ती पडीक जमीन आहे. मॅडमना हा शब्द आवडत नसे. गवत आहे, खडक आहे, बोरीची झुडपं आहेत, चंडोल आहेत, खोकड आहे, काळविटांचा कळप आहे, मग पडलंय काय, असं त्या विचारत. त्या कळपाच्या पाठीमागे त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली, आणि तेही मुख्यतः कळपाने टाकलेल्या लेंड्या गोळा करत. प्राणी तुम्हाला पाहून वागणूक बदलतो, लेंडी बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. कळपाने काय खाल्लं, कुठे खाल्लं, पोटात जंत किती, सगळं त्या लेंडीवरून सांगत.

या लेंड्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून त्यांच्या घरच्या फ्रीजमध्ये राहत. मामीडवार साहेब बँकेत होते. बँकेतल्या माणसाला शोभेल अशा शिस्तीने त्यांनी वरची फळी संशोधनाला आणि खालची संसाराला अशी वाटणी करून दारावर तसा कागद चिकटवला होता. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना साहेबांनी मला आग्रहाने श्रीखंड वाढलं. मी ते खाल्लं, पण मॅडमच्या कुठल्याही विद्यार्थ्याने कधी केलं नसेल इतकं बारीक निरीक्षण करून खाल्लं.

मॅडमना गाडी चालवता येत नव्हती आणि माझ्याकडे एक जुनी गाडी होती, एवढ्या पात्रतेवर माझा या संशोधनात शिरकाव झाला. पहिल्याच दिवशी माळावर बसल्यावर मला कळलं की मॅडम तेलुगूत मोजतात. त्यांच्या वडिलांचं देगलूरच्या मोंढ्यात अडतीचं दुकान होतं. तीन मुलखांच्या सीमेवरचं गाव. दुकानात भाव मराठीत ठरे, भांडण कन्नडमध्ये होई आणि पोती तेलुगूत मोजली जात. मोजायचं ते तेलुगूतच, हे त्यांच्या डोक्यात तेव्हाच बसलं. वर्गात प्रमाण मराठी बोलणाऱ्या मॅडम दुर्बीण डोळ्याला लावली की पुटपुटायला लागत, “ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू…” त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना पुढे काळवीट आठवो न आठवो, हैदराबादेत भाजी घ्यायची अडचण कधी आली नाही.

समोर एक काळा नर मान मागे टाकून उभा होता. पिळदार शिंगं, पांढरं पोट, सकाळचं ऊन. मी म्हणालो, “काय सुंदर आहे.”

“ते निरीक्षण न्हाई, सर. काय करून राहिला ते सांगा.”

तो काहीच करून राहिला नव्हता. एका ढिगावर उभा होता फक्त. तो ढीग त्याच्याच लेंड्यांचा होता. मॅडमनी समजावून सांगितलं की हा त्याचा इलाखा. तो रोज ठरलेल्या जागी येऊन ढिगात भर घालतो आणि त्यावर उभा राहतो. दुसरा नर आला, वास घेतला, की त्याला कळतं की इथली जागा भरलेली आहे. मी विद्यापीठाच्या बऱ्याच समित्यांवर काम केलेलं असल्यामुळे मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

सत्कारांना मॅडम जात, पण एका गोष्टीवर अडून बसत. शाल द्यायचीच असेल तर मातकट रंगाची द्या, माळावर अंगावर घेऊन बसायला होईल, असं त्या संयोजकांना आधीच कळवत. एका संस्थेने हे मनावर घेतलं आणि खरोखर मातकट शाल आणली. व्यासपीठाचा पडदाही नेमका त्याच रंगाचा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत मॅडमचं फक्त डोकं आणि नारळ दिसत होता. मॅडमनी तो फोटो कापून प्रयोगशाळेत लावला आणि खाली लिहिलं, ‘उत्तम लपण’.

माळाला लागून माणिकरावांचं शेत होतं. सडपातळ, बोलण्यात तिरकस माणूस. हरभरा भरात आला की कळप रात्री शेतात उतरे. सकाळी माणिकराव मॅडमना बांधावर गाठत आणि म्हणत, “मॅडम, तुमची लेकरं रात्री जेवून गेली. भांडी घासायची राहिलीत.” मॅडम शेतात उतरून तासभर खाली वाकून फिरत. पुढे तालुक्याच्या गावी या नुकसानीवर बैठक झाली. शहरातून आलेल्या प्राणिप्रेमींची अपेक्षा होती की मॅडमनी सांगावं, काळवीट फक्त गवत खातं. मॅडम उठून म्हणाल्या की हरभरा खातं, आवडीने खातं, लेंडीत सालपटं निघाली आहेत. प्राणिप्रेमी हिरमुसले. शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत मॅडम म्हणाल्या की भुईमूग मात्र रानडुकरांनी उकरला आहे, काळविटाला उकरता येत नाही, तेव्हा तो काळविटाच्या नावावर मांडू नका. आता शेतकरी हिरमुसले.

बाहेर आल्यावर माणिकरावांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या हायेत?”

“ज्याच्या लेंडीत जे निघंल त्याच्या.”

माणिकराव बराच वेळ हसले. मग त्यांनी आम्हाला चहा पाजला. सगळी बैठक वाया गेली, चहा तेवढा कामी आला.

आता टाकीची गोष्ट. तिची कल्पना मॅडमचीच होती.

त्या साली उन्हाळा कडक होता. ओढा आटला होता. माळावर एखादा पाणवठा बांधला तर कळपाला आधार होईल असं मॅडम एका कार्यक्रमात सहज बोलून गेल्या. समोर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे परिसरातल्या प्राणिमित्र मंडळाचे अध्यक्ष. मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा माणूस. त्यांचं सिमेंटचं दुकान होतं, त्यामुळे निसर्गाच्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे उपाय तयार असे. आणि लातूरकडच्या माणसाला पाणी या शब्दाने जसं गहिवरून येतं, तसं दुसऱ्या कुणाला येत नसेल. पंधरवड्यात टाकी उभी राहिली. टाकीहून उंच बोर्ड उभा राहिला. त्यावर मंडळाचं नाव, देणगीदारांची नावं, प्रेरणास्थानांची नावं, आणि अगदी खाली ‘संकल्पना’ म्हणून मॅडमचं. लोकार्पण सोहळ्यात प्रमुख पाहुणे गोदावरीवर बोलले, विष्णुपुरीच्या धरणावर बोलले, स्वतःच्या बालपणावर बोलले. फीत कापली. ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ते काळवीट मात्र लाउडस्पीकरच्या आवाजाने शेजारच्या तालुक्यात गेले होते.

पण ते परत आले आणि टाकीवर यायला लागले. पेपरात फोटो आले. दर आठवड्याला टँकर येई, अण्णा स्वतः नळी धरत. मॅडमही खूश होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी कशावरून असं विचारलं नाही. या एकाच गोष्टीला त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या टाकीच्या आसपास कळपाच्या लेंड्या वेचत होत्या, आणि त्यांना दुसरीच विष्ठा सापडायला लागली. कुत्र्यांची. हमरस्त्यावरच्या ढाब्यांची आणि गावातली मोकाट कुत्री. पूर्वी ती माळावर फिरकत नसत, कारण दुपारचं पाणी नसे. आता बारमाही पाणी मिळाल्यावर त्यांनी तिथेच मुक्काम टाकला होता. मॅडमनी ती विष्ठा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातली. आत केस निघाले. त्यांना वाटलं, करडांचे असतील. करडांचे केस आणून शेजारी ठेवून पाहिले. जुळेनात. काळविटाच्या पाडसांचे ठेवले. जुळले.

त्यांनी लगेच कुणाला सांगितलं नाही. अख्खा हंगाम त्या माळावर जात राहिल्या, आणि मीही गाडी चालवत राहिलो. मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. पूर्वी कळप पांगलेला असे. कुणी ओढ्याच्या डोहावर, कुणी शेतातल्या पाटावर, कुणी पहाटेचा ओला पाला खाऊन भागवी. त्यामुळे पाडसंही पांगलेली असत. आता सगळा कळप टाकीभोवती, सगळी पाडसं टाकीभोवती, आणि कुत्रीही टाकीभोवती. त्या हंगामात आम्हाला आईमागे चालणारं एकही पाडस दिसलं नाही. मॅडमची दुर्बीण तासन् तास डोळ्याला असे, पण मोजायला काही नसल्यामुळे त्या पुटपुटत नसत.

नेमका तेव्हाच त्या टाकीला पुरस्कार जाहीर झाला. लातूरला मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता, आणि अण्णा त्याच व्यासपीठावरून प्रत्येक माळावर एक टाकी बांधायची घोषणा करणार होते. अहमदपूरला आम्ही चहाला थांबलो. मॅडमनी चहा तसाच ठेवला.

“सर, आज मी स्टेजवर सांगणार हाय.”

मी म्हणालो की कार्यक्रम झाल्यावर अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं तर बरं.

“तोवर घोषणा होऊन जाईल. अजून धा माळांवर पाडसं मरतील, आणि तिथं मोजायला कोणी न्हाई.”

सभागृह भरलेलं होतं. मॅडमना शाल घातली, या वेळी भडक जांभळी. त्या माइकपुढे गेल्या आणि स्वच्छ प्रमाण मराठीत म्हणाल्या, “ही टाकी ही माझी चूक आहे. तिच्यामुळे पाडसं मरत आहेत. हा पुरस्कार मला घेता येणार नाही. टाकी फोडावी आणि नव्या बांधू नयेत, अशी माझी विनंती आहे.”

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक भारावून म्हणाला की एवढं काम करूनही श्रेय नाकारणारी अशी माणसं आज दुर्मिळ झाली आहेत. मॅडमनी पुन्हा माइक घेतला आणि सांगितलं की हा विनय नाही, कुत्र्यांच्या विष्ठेत केस सापडले आहेत. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. सूत्रसंचालकाने विनयावरची एक कविता म्हटली. अण्णा उठले, मॅडमना वाकून नमस्कार केला आणि नव्या टाक्यांची घोषणा करून टाकली. त्यातल्या पहिल्या टाकीला मॅडमचं नाव देणार होते.

परतीच्या वाटेवर लोहा जवळ आल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, आपल्याकडं चूक कबूल करायची सोयच न्हाई बघा.” आणि मग त्यांना हसू आलं. ते थांबेना. मलाही गाडी बाजूला घ्यावी लागली.

दुसऱ्याच दिवशी त्या अण्णांच्या दुकानात गेल्या. मी सोबत होतोच. अण्णांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही काल स्टेजवर सांगायचं ना मग.”

“स्टेजवरच सांगितलं.”

“ते भाषण होतं हो.”

मॅडमनी पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढून गल्ल्यावर ठेवला. आत कापसावर बारीक केस होते आणि करंगळीच्या नखाएवढा एक खूर. अण्णा त्या खुराकडे पाहत राहिले. सिमेंटच्या गोण्या उतरवणारे हमाल आत-बाहेर करत होते, तेही पाहत गेले.

“हे आपल्याच पाडसाचं,” अण्णा हळू म्हणाले, “कशावरून?”

इतक्या वर्षांत मॅडमना हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. पुरस्काराच्या वेळी उजळायला हवा होता तसा त्यांचा चेहरा आत्ता उजळला. पुढचा तासभर त्यांनी अण्णांना केस कसा ओळखायचा ते शिकवलं. अण्णांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. कुत्र्यांचा बंदोबस्त करू, कुंपण घालू, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मॅडमनी सांगितलं की आजची कुत्री हलवली तर उद्या दुसरी येतील, पाणी हलवायला पाहिजे. कळप तहानेनं मरंल, असं अण्णा म्हणाले. टाकीच्या आधीही उन्हाळे होतेच की, असं मॅडम म्हणाल्या. आणि फोडायची ती पावसाळ्यात फोडू, म्हणजे कळपाला पुन्हा पांगायला वेळ मिळंल.

शेवटी अण्णांनी खरी अडचण सांगितली. “टाकी जाऊ द्या हो. पण बोर्डावर एवढ्या लोकांची नावं हायेत. त्यांना काय तोंड दाखवू?”

“बोर्ड ऱ्हाऊ द्या की. बोर्डावर कुत्री येत न्हाईत.”

अण्णांनी विचार केला. “बोर्ड ऱ्हाईला तर मग काय हरकत न्हाई.” नव्या टाक्यांचं काय, असं मॅडमनी विचारलं. त्याही नको, अण्णा म्हणाले, फार तर बोर्ड लावू.

पण अण्णा हे अण्णाच. लोकार्पण झालेली वस्तू अशीच कशी फोडायची, म्हणून त्यांनी पाऊस स्थिरावल्यावर रीतसर कार्यक्रम ठेवला. हार, नारळ, फीत. मॅडमनी कशालाही विरोध केला नाही. एकच अट घातली, लाउडस्पीकर नको. त्यामुळे प्रमुख पाहुणे आले नाहीत. मॅडमनी फीत कापली, माणिकरावांनी घण घातला, आणि टाकी दुपारपर्यंत टिकली. अण्णांनी कितीतरी वेळा सांगितलं की मजबूत बांधली होती म्हणून वेळ लागला.

मॅडमच्या निवृत्तीआधीचा शेवटचा उन्हाळा. अण्णांनी हट्ट धरला की मलाही माळावर न्या. आम्ही पहाटे माणिकरावांच्या बांधाआड बसलो. अण्णांना गप्प बसवणं हे त्या दिवसाचं खरं काम होतं. ते कुजबुजले तरी चंडोल उडत. सूर्य वर आला तसा कळप दिसायला लागला, लांबवर, पांगलेला. आणि एका मादीच्या मागे, गवतातून उड्या मारत, एक पाडस. थोड्या वेळाने दुसरीकडे आणखी एक.

मी विचारलं, “म्हणजे टाकी फोडली म्हणून पाडसं वाचली ना?”

“एका उन्हाळ्यावरून सांगता येत न्हाई, सर,” मॅडम दुर्बीण न काढता म्हणाल्या. पण त्यांचं पुटपुटणं पुन्हा सुरू झालं होतं, “ओकटी, रेंडू…”

माळाच्या मधोमध तो बोर्ड अजून उभा होता. रंग उडालेला, एका बाजूला कललेला. अण्णांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, गुडघ्यांवर उठून पाहिलं.

“मॅडम,” ते कुजबुजले, “तो बोर्ड मधीच यायलाय. मागची मादी दिसंना. उद्याच माणसं लावून काढून टाकतो.”

“नका.”

“कामून? सगळ्यात मोठं नाव माझंच हाय त्याच्यावर. माझी काय हरकत न्हाई.”

“त्याच्या सावलीत पाडस बसलंय.”

अण्णांनी हात पुढे केला. मॅडमनी स्वतःची दुर्बीण कुणाच्या हाती दिलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती त्यांनी दिली. अण्णांना पाडस सापडायला बराच वेळ लागला. सापडलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि, काय वाटलं कुणास ठाऊक, तसंच मिटून घेतलं.

सावली सरकत होती. पाडस उठलं, सावलीबरोबर थोडं पुढे गेलं आणि पुन्हा बसलं. मॅडम मातकट शाल डोक्यावरून घेऊन, हनुवटी बांधावर टेकवून, नुसत्या डोळ्यांनी तिकडे पाहत होत्या. ऊन चढलं, मी निघू या का असं विचारलं, तर अण्णांनी दुर्बीण न काढता हातानेच मला जा म्हणून खुणावलं. मी एकटाच गाडीकडे चालायला लागलो. रस्त्यावर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर बांधावर फक्त अण्णा दिसत होते.